सौरविजेचा दर पॅनलमुळे पडला की करारामुळे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सौरविजेच्या लिलावांवरच्या (जो सर्वांत कमी दर मागतो त्याला प्रकल्प मिळतो) लेखाखाली तुम्ही लिहिलंत की चीनमध्ये पॅनल स्वस्त झाले म्हणून इथली वीज स्वस्त झाली. कायद्याचा त्यात काही वाटा नाही, उलट सरकारने खोडाच घातला. खोड्याकडे शेवटी येतो. पॅनलचे दर उतरले हे खरंच आहे, पण हिशेब तिथे संपत नाही.

सौर प्रकल्पाला कोळसा लागत नाही. जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो, तोही बहुतांश कर्जाचा. समजा मेगावॉटला ४ कोटी खर्च आला, त्यात ३ कोटी कर्ज. वर्षाला साधारण २० लाख युनिट निघतात. व्याज एका टक्क्याने वाढलं की पहिल्या वर्षी ३ लाख जास्त, म्हणजे युनिटमागे १५ पैसे. आता वितरण कंपनीने बिल नऊ महिने थकवलं असं धरा. ३ रुपये दराने ४५ लाख अडकले; १० टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज साडेचार लाख, युनिटमागे साडेबावीस पैसे. बोली लावणारा हे पैसे आधीच दरात धरतो. वितरण कंपनी बिल वेळेवर देणार की नाही, हे पॅनलच्या कारखान्यात ठरत नाही.

मध्य प्रदेशातल्या रीवाच्या ७५० मेगावॉट सौर प्रकल्पाचा लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला. पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे, मग १५ वर्षं दरवर्षी ५ पैसे वाढ. समतुल्य दर, म्हणजे सगळ्या वर्षांचा मिळून सरासरी दर, ३ रुपये ३०. निविदेतली खरी करामत पैसे वसुलीच्या कलमांत होती. आधी लेटर ऑफ क्रेडिट (बिल थकलं तर बँक पैसे देईल असं हमीपत्र), ते कमी पडलं तर वेगळा निधी, आणि त्याच्याही मागे राज्य सरकारची हमी. ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, बंद असल्यामुळे वीज उचलली गेली नाही तर भरपाईची तरतूदही करारात होती. बँकेचा अधिकारी आधी हीच पानं उघडतो.

हमी ढिली पडली की काय होतं ते आंध्रात दिसलं. २०१९ मध्ये नव्या सरकारने आधीचे वीज खरेदी करार पुन्हा वाटाघाटीला काढले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तोवर सौरविजेला २ रुपये ४४ पैसे हा अंतरिम दर मिळत राहिला. करारातल्या पूर्ण दराने पैसे द्या, असा निकाल यायला मार्च २०२२ उजाडलं. अडीच वर्षं कर्जाचे हप्ते मात्र चालूच!

थकबाकीवरचा इलाज जून २०२२ च्या विलंब अधिभार (बिल उशिरा भरल्याचा दंड) नियमांत आहे. बिल भरायच्या मुदतीनंतर महिनाभर किंवा बिल दिल्यापासून अडीच महिने, यांतलं जे नंतर येईल तोवर पैसे आले नाहीत, की त्या वितरण कंपनीची अल्पकालीन वीज खरेदी बंद होते. ऑगस्ट २०२२ मध्ये १३ राज्यांना वीज बाजारातून खरेदीला मनाई झाली. यादीत महाराष्ट्रही होता, आणि काही राज्यांनी थकबाकीच्या आकड्यांवर हरकत घेतली. कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा संध्याकाळच्या मागणीला वीज मिळणार नाही ही भीती जास्त लवकर लागू पडते, असं माझं मत.

आता तुमचा खोडा. १ एप्रिल २०२२ पासून मॉड्यूलवर (म्हणजे तयार पॅनलवर) ४० टक्के आणि पॅनलमधल्या सेलवर २५ टक्के आयात शुल्क लागलं, त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी ५ वरून १२ टक्क्यांवर गेला होता. वीज त्याने महागली, यात वाद नाही. देशी कारखाने उभे राहावेत म्हणून शुल्क हा हेतू समजण्यासारखा आहे. पण बोली लागून दर ठरल्यावर खर्च बदलला की विकासक, म्हणजे प्रकल्प उभारणारी कंपनी, करारातल्या 'कायद्यातील बदल' या कलमाखाली वाढीव पैसे मागतो, वीज नियामक आयोगापुढे सुनावणी रेंगाळते आणि तोपर्यंत बोजा त्याच्याच डोक्यावर. ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनी ही वसुली सूत्रानुसार, वेळेत व्हावी अशी सोय केली. म्हणजे सरकारच्या एका हाताने केलेला गुंता दुसऱ्या हाताने सोडवायचा! तुमची चीड इथे रास्त आहे. पण मग दर कायद्याने हलत नाही, हे तुमचंच म्हणणं मागे घ्यावं लागेल.