खुलासा : ‘मूळ ज्युरासिक पार्कमध्ये संगणक नव्हताच’ हे खरे नाही

पणजी-मडगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतोय : १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’मधले सगळे डायनासोर यांत्रिक होते, तर २०१५च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’मधले झाडून सगळे संगणकावरचे. दोन्ही अर्धे चूक.

मूळ चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा; त्यात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटे. त्यातली साधारण सहा मिनिटे संगणकाची, बाकी चित्रपटांसाठी यांत्रिक प्राणी बनवणारे स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यातल्या यंत्रांची. घरी पाहताना खूण सोपी आहे. टी-रेक्सचे डोके गाडीच्या काचेला भिडते ते यंत्र. तोच अख्खा पायांसकट धावतो तेव्हा संगणक. आजारी ट्रायसेराटॉप्स यंत्र, पळणारा गॅलिमायमसचा कळप संगणकावरचा.

यंत्राने त्रासही भरपूर दिला. सुमारे बारा मीटर लांबीच्या टी-रेक्सची कातडी फोम रबराची. चित्रीकरणातल्या कृत्रिम पावसात ती पाणी पिऊन जड व्हायची आणि हायड्रॉलिक्सचे, म्हणजे द्रवाच्या दाबावर त्याला हलवणाऱ्या यंत्रणेचे, गणित बिघडून धूड थरथरू लागायचे. मग माणसे टॉवेल घेऊन पुसत बसायची. आषाढात अंगणात विसरलेली फोमची गादी उचलून पाहिलीत तर लगेच पटेल.

‘वर्ल्ड’मध्ये मात्र संगणकाचेच राज्य, हे खरे. तरी मरणासन्न अ‍ॅपॅटोसॉरसची मान व डोके प्रत्यक्ष बनवलेले होते. नट त्यावर हात ठेवतात, आणि आमच्या मते त्या चित्रपटातला सर्वांत जिवंत प्राणी नेमका तोच मरणारा आहे.