‘ट्रॅकबॉल घ्या, मनगटदुखी विसरा’ हा सल्ला तपासून पाहू

दिवसभर संगणकावर काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हल्ली हातोहात पुढे जातो. त्याचा आशय असा : ट्रॅकबॉल (जागेवरच ठेवून, त्यातला बॉल फिरवून कर्सर हलवायचं साधन) हे माऊसच्या पुढचं, खास मनगट वाचवण्यासाठी बनलेलं उपकरण आहे. त्यात मनगट हलतच नाही, म्हणून कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटातली नस दाबली जाण्याचा, त्रास होऊच शकत नाही. कोणताही घ्या, अंगठ्याने फिरवायचा असेल तर उत्तमच. काम माऊसइतक्याच वेगाने होतं, दोन दिवसांत हात बसतो, निगा राखावी लागत नाही. तेव्हा माऊस टाकून द्या.

मी ट्रॅकबॉल वापरतो, आवडीने वापरतो, आणि म्हणूनच हा सल्ला मला खटकतो. हात दुखणारा माणूस त्यावर विसंबतो, आपल्या हाताला न मानवणारं मॉडेल उचलतो, थोड्याच दिवसांत अंगठा चोळत बसतो आणि मग ट्रॅकबॉल या प्रकारालाच फुली मारतो.

‘माऊसच्या पुढचं’ हे आधी निकालात काढू. ट्रॅकबॉल माऊसपेक्षा जुना आहे. राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी तो तयार केला. कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ प्रकल्पातल्या ट्रॅकबॉलमध्ये, १९५२ च्या सुमारास, चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवला होता. डग्लस एंगलबार्ट यांच्या माऊसचा पहिला नमुना १९६४ चा. ट्रॅकबॉल घडवताना रडारवर दिसणारी विमानं पडद्यावर टिपायची, एवढंच काम डोळ्यांसमोर होतं. मनगटाचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. सोनोग्राफीच्या यंत्रांवर आजही ट्रॅकबॉल दिसतो, कारण तिथे माऊस सरकवायला जागाच नसते.

आता मुख्य मुद्दा : ‘मनगट हलत नाही, म्हणून त्रास होऊच शकत नाही.’ यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. माऊस सरकवताना मनगट डावी-उजवीकडे वळत राहतं. ट्रॅकबॉल जागेवर राहतो आणि फक्त बॉल फिरतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कार्पल टनेल म्हणजे मनगटातला हाडांचा आणि एका घट्ट पट्ट्याचा अरुंद बोगदा. त्यातून मीडियन नर्व्ह ही नस जाते आणि तिच्यासोबत बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) जातात. त्या नवांपैकी एक अंगठ्याची आहे. म्हणजे मनगट स्थिर ठेवून तुम्ही बोटांनी किंवा अंगठ्याने बॉल फिरवता, तेव्हाही याच बोगद्यातून कंडरा मागेपुढे सरकत असतात.

शिवाय बोगद्यातला दाब फक्त हालचालीने वाढत नाही, हाताच्या ठेवणीनेही वाढतो. मनगट मागे मोडून पंजा वर उचललेला असेल तर दाब वाढतो, बोटांनी जोर लावला की आणखी वाढतो. बोटांनी फिरवायचे मोठ्या बॉलचे ट्रॅकबॉल बरेच उंच असतात. टेबलावर मनगट टेकवून त्यांच्या माथ्यापर्यंत बोटं नेली की मनगट नेमकं त्याच स्थितीत जातं. केन्सिंग्टन कंपनीच्या ‘एक्स्पर्ट माऊस’सोबत (नावात माऊस असला तरी हा ट्रॅकबॉलच) मनगटाखाली ठेवायची उशी येते ती यासाठीच, आणि लोक ती पहिल्याच दिवशी काढून ठेवतात. हलत्या मनगटाचा त्रास टाळायला जाऊन तासन् तास मोडलेलं, न हलणारं मनगट मिळवणं यात काहीच कमाई नाही.

आणि कार्पल टनेलच्या त्रासाचं कारण दरवेळी माऊस असतो असंही नाही. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, गरोदरपण यांतही तो होतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, बधिरपणामुळे रात्री झोपमोड होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. नस दीर्घकाळ दाबली गेली की अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू झिजू लागतात, आणि ते पूर्ववत होतीलच असं नसतं. ‘होऊच शकत नाही’ या तीन शब्दांवर माझा सर्वांत जास्त राग आहे तो याचसाठी.

संशोधन काय म्हणतं? ऑफिसात काम करणाऱ्यांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला होता. हाताला आधार आणि वेगळ्या बांधणीचा माऊस यांनी मान-खांद्याचं दुखणं टळतं का, यावरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळणारे निघाले नाहीत. याचा अर्थ ट्रॅकबॉलने कोणालाच बरं वाटत नाही असा होत नाही. पण छातीठोक हमी देण्याजोगा आधार आज कोणाकडेच नाही.

‘कोणताही घ्या, अंगठ्याचा उत्तम’ या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. ट्रॅकबॉल भार नाहीसा करत नाही, तो दुसरीकडे नेतो. कुठे नेतो हे मॉडेलवर ठरतं, आणि निवड करताना खरा प्रश्न हाच असतो.

लॉजिटेकचे ‘एर्गो एम५७५’ आणि ‘एमएक्स एर्गो’, एलेकॉमचा ‘ईएक्स-जी’ हे अंगठ्याने फिरवायचे. बॉल साधारण ३४ मिमीचा, क्लिक नेहमीच्याच बोटांनी, पकड माऊससारखी. म्हणून शिकायला सोपे. पण पडद्यावरची प्रत्येक हालचाल एकटा अंगठा करतो. हाच अंगठा उरलेल्या वेळात फोनवर टाइप करत असतो. अंगठ्याच्या बाजूने मनगटावरून दोन कंडरा एका आवरणातून जातात; त्या आवरणाला सूज आली की त्याला डी क्वेर्व्हेनचा आजार म्हणतात. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीच्या दिशेने वाकवल्यावर मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला जोरात कळ येत असेल, किंवा अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला असेल, तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल घेऊच नका. तो कितीही नावाजलेला असो.

बोटांच्या प्रकारात बॉल मोठा असतो : केन्सिंग्टनच्या ‘एक्स्पर्ट माऊस’ आणि ‘स्लिमब्लेड’मध्ये ५५ मिमी, एलेकॉमच्या ‘ह्यूज’मध्ये ५२ मिमी, ‘डेफ्ट’मध्ये ४४ मिमी. तर्जनी, मधलं बोट, अनामिका आळीपाळीने वापरता येतात, हवं तर अख्खा तळहात फिरवता येतो. काम वाटलं जातं, हा मोठा फायदा. मात्र इथे क्लिकचं काम बहुधा अंगठ्याकडे येतं, म्हणून आपण दिवसभर फिरवतो जास्त की क्लिक जास्त करतो, याकडे दोन दिवस लक्ष देऊन मगच ठरवावं. डावखुऱ्यांसाठी केन्सिंग्टनची वरची दोन्ही मॉडेल दोन्ही हातांना चालतात. अंगठ्याचे ट्रॅकबॉल जवळजवळ सगळे उजव्या हाताचे, ‘ईएक्स-जी’ची डाव्या हाताची आवृत्ती हा एक अपवाद.

पंजा पालथा टेकवताना कोपराखालचा हात पिळल्यासारखा होतो. तिथेच दुखत असेल तर थोडा तिरका ट्रॅकबॉल बरा. ‘एमएक्स एर्गो’ २० अंशांपर्यंत कलतो. आणि दुखणं खांद्यात असेल तर मॉडेलपेक्षा जागा महत्त्वाची. अंकांच्या पट्टीसकट असलेल्या लांब कीबोर्डच्या पलीकडे ट्रॅकबॉल ठेवलात तर खांदा माऊसच्या वेळी जितका ताणला जात होता तितकाच आताही ताणला जाईल. ट्रॅकबॉलला सरकायला जागा लागत नाही, या गुणाचा उपयोग करा : आखूड कीबोर्ड घ्या आणि ट्रॅकबॉल अगदी त्याच्या शेजारी आणा, म्हणजे कोपर अंगाजवळ राहतं.

वेगाबद्दल. मॅकेन्झी, सेलन आणि बक्स्टन यांनी १९९१ मध्ये माऊस, ट्रॅकबॉल आणि टॅब्लेटवर चालवायच्या लेखणीची तुलना केली. ट्रॅकबॉल सर्वांत हळू ठरला, आणि बटण दाबून ओढण्याच्या कामात चुकाही त्याच्यावरच सर्वाधिक झाल्या. उपकरणं तेव्हाची होती, पण कारण आजही तेच आहे : बटण दाबून धरायचं आणि त्याच हाताने बॉलही फिरवायचा. उपाय आहेत. एखाद्या बटणाला ड्रॅग लॉक नेमून द्या, म्हणजे एकदा दाबलं की पकड राहते. मजकूर निवडताना सुरुवातीला क्लिक करा आणि शिफ्ट दाबून शेवटी. बटण धरून बॉल फिरवला की पान सरकेल अशी सोय लिनक्समध्ये आहेच. इतरत्र ती त्या-त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. दोन-तीन पडदे असतील तर मोठ्या बॉलला एक झटका दिला की कर्सर या टोकाचा त्या टोकाला जातो. तिथे मला माऊसची आठवणही येत नाही. पण हाताने बारीक रेषा काढायच्या असतील, तर ट्रॅकबॉलचा आग्रह धरू नये.

‘दोन दिवसांत सवय’ हे क्वचित कोणाला जमत असेल. काही आठवडे धरून चाला. सुरुवातीला कर्सर निसटतो, माणूस बॉल दाबून धरतो, आणि त्या जोरानेच हात दुखतो. कर्सरचा वेग फार कमी ठेवला तर अंगठ्याला लांब लांब फराटे मारावे लागतात. फार जास्त ठेवला तर नेम धरताना हात आखडतो. विंडोजमधला पॉइंटरचा प्रवेग, म्हणजे हळू फिरवल्यावर बारीक आणि जोरात फिरवल्यावर लांब उडी, माऊसवर अनेकांना नकोसा वाटतो. ट्रॅकबॉलवर मात्र तो सुरू ठेवून पाहा.

निगा तर लागतेच. बहुतेक ट्रॅकबॉलमध्ये बॉल तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो, माणिकाच्या किंवा सिरॅमिकच्या. त्वचेचा तेलकटपणा आणि धूळ यांचा थर त्या मण्यांभोवती जमतो आणि बॉल अडखळू लागतो. बॉल बाहेर काढा (लॉजिटेकच्या मॉडेलमध्ये खालच्या भोकातून पेन्सिलीने ढकलावा लागतो), मणी कोरड्या कापडाने किंवा कापसाच्या काडीने पुसा, सेन्सरच्या खिडकीवरून हलकेच फिरवा. आठवड्यातून एकदा पुरे. वंगणाचं तेल घालू नका, ते सेन्सरवर जाऊन बसतं. नवा बॉल सुरुवातीला घट्ट फिरतो, हा दोष समजून परत करू नका. बोटांचा तेलकटपणा त्याला लागला की तो सैल होतो.

राहिला माऊस टाकून देण्याचा सल्ला. तो अजिबात ऐकू नका. एकच हालचाल, एकच स्नायू, एकच हात दिवसभर राबवला की कोणतंही उपकरण त्रास देतं. ट्रॅकबॉल उजवीकडे आणि माऊस डावीकडे असे दोन्ही एकाच वेळी जोडता येतात. सकाळी एक, दुपारी दुसरा वापरा. अंगठ्याच्या मुळाशी जडपणा वाटू लागला, की त्याच क्षणी हात बदला.