कप वेगळा ठेवून टीबी थांबत नाही

आज सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली की, जिने झाडायला येणाऱ्या मावशींना टीबी झाला असल्यामुळे त्यांना कोणी चहा देऊ नये, दिलाच तर कप वेगळा ठेवावा आणि त्यांनी लिफ्ट वापरू नये. खाली होकाराच्या अंगठ्यांची रांग लागली. मावशींचे उपचार दोन महिन्यांपूर्वी सुरू झाले आहेत, बेडक्याच्या तपासणीत आता जंतू दिसत नाहीत आणि डॉक्टरांनी त्यांना कामावर जाण्याची परवानगी दिली आहे. हे सगळे त्यांनी आपणहून सोसायटीला कळवले आणि त्या प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून ही सूचना निघाली. मला मनस्वी संताप आला आहे.

मी शाळेत असताना माझ्या आत्याला टीबी झाला होता. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. आत्याचे ताट-वाटी-भांडे वेगळे झाले. ओळखू यावे म्हणून ताटाच्या काठावर खिळ्याने फुली कोरली गेली. ते ताट मोरीच्या एका कोपऱ्यात निराळे घासले जाई आणि वर उकळते पाणी ओतून उपडे ठेवले जाई. रात्री मात्र त्याच आत्याला गार वारा बाधू नये म्हणून खिडकी घट्ट लावून आम्ही सगळी भावंडे तिच्या शेजारी ओळीने झोपत असू. आमच्यापैकी कोणाला आजार झाला नाही, हे निव्वळ नशीब.

टीबी हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा बोलतो तेव्हा जंतू असलेले सूक्ष्म कण बाहेर पडतात, कोंदट खोलीत ते तासन्‌तास तरंगतात आणि तिथे दीर्घकाळ वावरणाऱ्याच्या श्वासावाटे आत जातात. कपाने, ताटाने, कपड्याने किंवा हातात हात घेतल्याने तो लागत नाही. जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेकांना तर जन्मभर आजार होतच नाही. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही किंवा तंबाखूने शरीर खचले की तो डोके वर काढतो. आत्याच्या ताटावर ओतलेले ते सगळे उकळते पाणी वाया गेले आणि खिडकी उघडायला एक पैसा लागला नसता.

रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू शोधल्याचे बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी याच पुण्यात क्षयाने गेल्या, कारण जंतू कळला होता तरी औषध नव्हते. त्या काळची भीती मी समजू शकते. पण १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, घरी राहून औषध घेणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांना, आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक लागण होत नाही. आपल्याच देशातले हे काम जगाने स्वीकारले आणि आपण अजून कप मोजत बसलो आहोत.

घरात तान्ही मुले आणि म्हातारी माणसे असली की काळजी वाटणारच, आणि उपचारांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रुग्णाने मास्क लावून अंतर राखावे, हे मला मान्य आहे.

माझ्या आजीने ते ताट वेगळे केले, पण ती दुष्ट नव्हती. आत्याच्या उशाशी रात्र-रात्र तीच बसे. तिला जे सांगितले गेले, ते तिने केले. मला टोचते ते पुढचे. इंजेक्शने आणि गोळ्या घेऊन आत्या खडखडीत बरी झाली तरी फुलीचे ताट तिच्याच पानावर राहिले आणि लग्नाकार्यात ती पंगतीला न बसता, कोणी काही बोलण्याआधीच, कडेला आपली पत्रावळ मांडून घेई. बरी झालेल्या बाईचे ताट वेगळे ठेवण्यात जंतूचा काय संबंध? तो शुद्ध विटाळ होता, आणि आज आमच्या ग्रुपवर आला तोही विटाळच आहे.

या वागण्यामुळेच माणसे खोकला लपवतात. निदान होऊन औषध सुरू होईपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा, आणि नेमका तोच काळ आपण लांबवतो. मावशींचे काम सुटले तर त्यांची सहा महिन्यांची औषधे नियमित कशी चालणार? ती अर्धवट सुटली तर जंतू औषधांना दाद देईनासा होतो, याचा विचार कोणी केला? तुमच्यापैकी कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर बेडका तपासून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये मिळण्याची सरकारी योजनाही आहे.

रविवारच्या सभेत मी तीन मागण्या मांडणार आहे. सूचना मागे घ्यावी, मावशींचा एकही दिवसाचा पगार कापू नये आणि कबुतरे येतात म्हणून जिन्याच्या खिडक्यांवर ठोकलेले प्लास्टिकचे पत्रे काढून तिथे जाळी बसवावी. सोसायटीतल्या ज्यांना हे पटते, त्यांनी ग्रुपवर अंगठा न दाखवता सभेला यावे.