‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मोसंबीच्या रसापासून इथेनॉल या माझ्या लेखावर ‘एक बागायतदार’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे: ‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं. १०० लिटर रसातून ५ लिटर इथेनॉलसुद्धा निघत नाही. गळून पडलेल्या फळात साखर आणखी कमी. सालीचं तेल यीस्टला मारतं, ते लिहिलंच नाही. वाफेचा खर्च कोण देणार, आणि बहार संपल्यावर डिस्टिलरी काय पिणार?’

पहिल्या वाक्यापासूनच सुरू करतो. आमच्या घरात एसी नाही. कूलर आहे, तोही लाइट असली तर. अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात कितीतरी बागा वाळल्या. आमची आम्ही विकतच्या टँकरवर उन्हाळ्यापर्यंत ओढली आणि मग तोडली. आंबिया बहाराची गळ टोपल्या भरभरून मी स्वतः बांधावर नेऊन टाकलेली आहे. तेव्हा शेत काय असतं हे मला शिकवू नका. आणि हा सगळा खुलासा करायचा कुणापुढे, तर ज्याला स्वतःचं नाव लिहायची हिंमत नाही त्याच्यापुढे! टीका करा ना, खुशाल करा. पण माणसाशी बोलायची काही रीत असते की नाही?

सालीचं तेल, म्हणजे लिमोनीन, यीस्टला मारक असतं. ते लेखात यायला हवं होतं, मान्य.

राहिला ५ लिटरचा आकडा. तो काही तुम्ही लावलेला शोध नाही. रसात साखर ८ टक्के धरली तर १०० लिटरमागे ८ किलो साखर, आणि किलोमागे कागदावर साधारण ०.६५ लिटर इथेनॉल. प्रत्यक्षात त्याहून कमीच. पण नुसत्या रसावर डिस्टिलरी चालवा असं मी म्हटलंय कुठे? डिस्टिलरीत इथेनॉलसाठी साखर कारखान्याची मळी वापरतात, आणि ती आंबवण्याआधी पातळ करावीच लागते. त्या पाण्याऐवजी काही भाग रस घाला, एवढंच माझं म्हणणं. अमेरिकेत शेतातच पडून राहणाऱ्या कलिंगडांवर २००९ साली अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही रसाचा हाच उपयोग सुचवलेला आहे. आणि मराठवाड्यात पाणी वाचणं तुम्हाला किरकोळ वाटत असेल, तर तुमची बाग नक्की कुठे आहे बुवा?

पातळ रसातून थोडंसं इथेनॉल उकळून वेगळं काढायला वाफ जास्त लागते, पण ही अडचण नुसत्या रसाची, मळीत मिसळलेल्या रसाची तेवढी नाही. गळीच्या फळातली साखर ब्रिक्समीटरने मोजता येते, त्यावर वाद कशाला? बहार संपल्यावर डिस्टिलरी मळी पिईल. आजही तेच पिते.

पुढच्या वेळी नावगावासकट लिहा, म्हणजे उत्तर द्यायलाही बरं पडेल.