मोगरा आमचा, फुलं सगळ्यांची

"एवढ्या उन्हाळ्यात तुमची बाग कशी काय फुलते हो?" असं कुणी कौतुकाने विचारलं की मी नुसती हसते. अहो फुलायचं काम झाडं आपापली करतात. खरे कष्ट आहेत ते फुलांचा आनंद घेण्यात.

बाग म्हणजे तरी काय, पुण्यातल्या तळमजल्याच्या फ्लॅटला मागे एक पट्टा मिळालाय, त्यात एक माणूस झाडांना पाणी घालत असेल तर दुसऱ्याने आत यायचं नाही एवढीच जागा. त्यात मोगरा, मदनबाण, जास्वंद, कंपाउंडवर बोगनवेल, कुंडीत मे फ्लॉवर आणि कुणीही न लावता उगवलेली, कितीही उपटली तरी परत येणारी गुलबक्षी.

आता मोगऱ्याचं टायमिंग बघा. त्याला रोज ५-६ तास कडक ऊन पाहिजे, म्हणजे पारा ४० ला टेकतो आणि आपण पडदे ओढून सब्जाचं सरबत पीत पंख्याखाली आडवे झालेलो असतो तेव्हा बाहेर हा कळ्यांनी लगडलेला. कळ्या उमलणार संध्याकाळी, खरा घमघमाट सुटणार रात्री, आणि रात्री आमच्याकडे डास. मग जेवणं उरकून हातापायाला डासांचं क्रीम चोपडून मी खुर्ची टाकून बसते, डोळे मिटते, छान खोल श्वास घेते, आणि नाकात काय जातं तर क्रीम. नाही लावलं तर वास येतो पण लक्ष सगळं पोटऱ्यांकडे.

ते सुद्धा झाडावर फुलं राहिली तर हं. आमच्या सासूबाई चारला चहा झाला की परडी घेऊन हजर, आणि त्या फुलं नाही, कळ्या तोडतात. "अगं, ओल्या फडक्यात ठेवल्या की रात्री उमलतात आपोआप, गजरेवाले काय वेगळं करतात?" बरोबरच आहे त्यांचं, टपोरी कळी तोडली तरी उमलते. त्यातल्या काही माठात जातात, काही देवासमोरच्या वाटीत, राहिलेल्यांचा गजरा. मी एकदा म्हटलं, "अहो आई, फूल झाडावर किती छान दिसतं ना." तर म्हणाल्या, "दिसतं ना, मग लवकर बघून घेत जा."

त्यांच्या नजरेतून सुटलेल्या कळ्या रात्री फुलतात, त्या सकाळी शेजारच्या काकूंच्या. काकू मॉर्निंग वॉकला निघतात तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि टोकाला तार वाकवलेली काठी असते, आता चालायला आकडी लावलेली काठी कशाला लागते हे मी विचारत नाही. मी दिसले की "दोनच घेते गं देवाला!" आणि चतुर्थीला तर जास्वंदीचं एक फूल बघायला मिळेल तर शपथ, मी उठायच्या आत ते त्यांच्या गणपतीच्या डोक्यावर. देवाचं नाव घेतल्यावर आपण काय बोलणार, शिवाय उन्हाळ्यात त्यांच्याकडून कुरडयांचा डबा येतो ही पण एक बाजू आहेच.

पाण्याची तर वेगळीच तऱ्हा. कपात सुरू झाली की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, बागेला पाईप लावू नये. मग तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं टोपात साठवायचं आणि येताजाता कुणीतरी त्याला लाथ मारायची. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी घालून बघितलं तर पानांच्या कडा करपल्या, कारण आपल्याला नको असलेले सगळे क्षार त्यातच असतात. एसीचं पाणी मात्र उत्तम, क्षार जवळजवळ नाहीतच. हे कळल्यापासून आमच्या ह्यांना झाडांचा एवढा कळवळा आलाय की विचारू नका, दुपारी बेडरूमचं दार लावून एसी १८ वर, आणि मी आत डोकावले की, "मोगऱ्याला पाणी नको का?" मोगऱ्याला मिळतं अर्धी बादली, आम्हाला मिळतं लाईटबिल. बोगनवेल मात्र गुणी बाई. पाण्याची ओढ पडली की जास्तच रंगते. तिचा जो गुलाबी भाग आहे ती खरं म्हणजे पानं, फूल आत इवलंसं पांढरं, वास शून्य, म्हणून कुणी तोडतही नाही.

आणि मे फ्लॉवर! आफ्रिकेतून आलेला कंद, हिवाळाभर कुंडीत झोपलेला, वर काहीच दिसत नाही म्हणून घरातलं प्रत्येक माणूस ती कुंडी रिकामी समजून त्यात कोथिंबिरीच्या काड्या टाकतं. मग एप्रिल सरता सरता मातीतून टोक डोकावतं, दांडा चढतो आणि मे मध्ये वर हा एवढा लालबुंद चेंडू! वर्षातून एकदा, राहतो जेमतेम आठवडाभर. आणि तोच आठवडा आमचा कोकणात जायचा, कारण आंबे, कारण मुलांच्या सुट्ट्या, कारण नणंदेच्या पुतण्याचं लग्न. यंदा निघायच्या दिवशी दांडा चांगला वीतभर वर आलेला, मी त्याला "चार दिवस थांब रे" म्हणून सुद्धा आले. झाडांना पाणी घालायला किल्ली कुणाला द्यायची यावर घरात फार चर्चा झाली नाही. काकूंनाच दिली, नाहीतरी आमच्या बागेत नेमाने येणारं माणूस तेच.

तिकडे फणस सोलायला बसले होते, दोन्ही हात चिकाने बरबटलेले, तर मुलीने फोन डोळ्यांसमोर धरला. काकूंचं स्टेटस. आमचा मे फ्लॉवर, पूर्ण उमललेला, मागे माझी मोडक्या दांडीची झारी, शेजारी काकू, आणि खाली लिहिलेलं, "माझी छोटीशी बाग 🌺". त्याला माझ्या सख्ख्या बहिणीने बदाम टाकलेला!

परत आलो तेव्हा चेंडू सुकून दांड्यावर काड्या राहिलेल्या, मोगऱ्यावर नावाला कळी नाही. काकूंना आंबे द्यायला गेले. त्यांनी ते नाकाशी लावले, देठाशी दाबून बघितले, आत नेऊन ठेवले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "यंदा मोगरा कमी आलाय का गं तुमचा? परवा प्रदोषाला देवाला पुरला नाही बघ. पुढच्या जानेवारीत नीट छाट हं, आणि शेणखत जरा सढळ हाताने घाल."