पुण्यात राहणारी 'यूएस पर्सन'

आज म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू करायला गेले होते. पॅन दिलं, फोटो दिला, सह्या केल्या. 'अमेरिकेचे नागरिक आहात का' या चौकोनात खूण केली आणि समोरच्या मुलाने अख्खा फॉर्म परत सरकवला. "सॉरी मॅडम, यूएस पर्सन आम्ही घेत नाही."

घेत नाही म्हणे!

त्या मुलावर राग नाही. 2010 च्या फॅटका कायद्यामुळे जगभरच्या बँका आणि फंडांना अमेरिकन ग्राहकांची माहिती तिकडे कळवावी लागते. ही ब्याद कोण मागे लावून घेईल?

पण माझ्या आईचं काय? बाबा गेल्यावर तिने एफडीवर दुसरं नाव माझं घातलं. "माझं काही झालं तर तुला धावपळ नको." घरोघरी हेच करतात ना? पण अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, की खातं न् खातं त्यांच्या अर्थखात्याला कळवायचं. जॉइंट असलं तरी पूर्ण रकमेसकट. म्हणजे आईने पेन्शनमधून साठवलेली एफडी मी दरवर्षी वॉशिंग्टनला कळवते. कर्वे रोडवरची बँक म्हणे 'परदेशी' बँक!

कराचे रिटर्नही दोन्हीकडे भरायचे. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिकडे करपात्र. इथलं वर्ष एप्रिलला सुरू, तिकडचं जानेवारीला. टीडीएस जुळवताना डोळ्यांसमोर काजवे. तिकडच्या करात इथल्या पगारावर भरपूर सूट मिळते, पण व्याजाला ती नाही. तिकडच्या पगारातून इतकी वर्षं कापलेलं मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा, इथल्या हॉस्पिटलात कवडीच्या कामाचं नाही. आणि न्यू जर्सीच्या जुन्या पत्त्यावर मी अमेरिकेचा अध्यक्ष निवडायला इथून मत देते, पण गल्लीतला नगरसेवक निवडताना माझ्यासारख्या ओसीआयवालीला (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) मत नाही. खड्डे मात्र माझ्याच दारात.

हो, पासपोर्ट भारी आहे. लेकीला तिकडे शिकायला व्हिसाची रांग नाही, युरोपला मनात आलं की निघता येतं, सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडची सरकारी पेन्शन, इथे बसून मिळेल. मान्य. पुढे.

आई मला फॉर्म भरताना बघते आणि विचारते, "अगं, त्या लोकांना माझ्या एफडीशी काय करायचंय?" यंदा हळूच म्हणाली, "तुझं नाव काढूनच टाकू का? तुला त्रास नको." माझ्या घशाशी आवंढा आला. म्हटलं, राहू दे गं, भरते मी.

आणि 'मग नागरिकत्व घेतलंच कशाला' असं टाइप करायला बसला असाल तर थांबा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नोकरी गेली की 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर निघा, अशा टांगणीवर पोर वाढवून बघा आधी. मग बोलू.

पुण्यात दोन्हीकडचे रिटर्न नीट भरणारा सीए कुणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. आईचं खातं म्हटल्यावर हसणारा नको.