काका, सह्याद्री झोपलेला ज्वालामुखी नाहीये

परवा फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आला, तुमच्याकडेपण आला असेलच. थोडक्यात त्यात असंय की जिथं डोंगर तिथं ज्वालामुखी आणि जिथं ज्वालामुखी तिथं भूकंप, सह्याद्री लाव्हाचा बनलाय म्हणजे तो झोपलेला ज्वालामुखी, कोयनेचे धक्के म्हणजे खाली लाव्हा हलतोय, वज्रेश्वरी आणि तुरळचं गरम पाणी हा त्याचा पुरावा. मग शेवटी धीर द्यायला, छोटे धक्के बसलेले चांगले कारण दाब निघून जातो, आणि मराठवाडा-विदर्भ तर प्लेटच्या (म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या) मधोमध, तिकडं काही होतच नाही. एकाच मेसेजमध्ये घाबरवायचं पण आणि गाफीलपण ठेवायचं, कमाल आहे.

काकांनी पाठवलाय म्हणून हात जोडून सोडून देणार होतो, पण आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं, आजी सदुसष्टच्या भूकंपाची पहाट आयुष्यभर सांगत राहिली, त्यामुळे राहवलं नाही.

"जिथं डोंगर तिथं ज्वालामुखी."

मग हिमालयात एक चालू ज्वालामुखी दाखवा. ८,८४८ मीटरचं एव्हरेस्ट तिथंय आणि त्याच्या माथ्यावर चुनखडी आहे, समुद्राच्या तळाशी साचलेली, जुन्या समुद्री जिवांच्या अवशेषांसकट. लाव्हाचा काही संबंध नाही. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारताची प्लेट आशियाला जाऊन भिडली, दोन्हीकडची जमीन हलक्या खडकाची, त्यामुळे कुणीच नीट खाली बुडेना, मग सतरंजी भिंतीला ढकलली की जशा चुण्या पडतात तसं झालं. अजूनही आपण वर्षाला ५ सेंमीच्या आसपास उत्तरेकडं सरकतोय, म्हणून २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप झाला. म्हणजे डोंगर आहे, भूकंप आहेत, ज्वालामुखी नाही.

आता अंदमानकडं या. तिकडं समुद्राखालची जड प्लेट दुसरीखाली सरळ घुसते, जाताना खडकात मुरलेलं पाणी खोल घेऊन जाते, त्या पाण्यामुळे वरचा तापलेला खडक कमी तापमानाला वितळायला लागतो आणि तो रस वर येतो. भारतातला एकमेव चालू ज्वालामुखी, बॅरन बेट, म्हणूनच तिथंय. २००४ ची त्सुनामी ज्या भूकंपाने आली, ९.१ चा, तोही याच कडेवरचा. तेव्हा डोंगर, ज्वालामुखी, भूकंप ही तिघं भावंडं म्हणा हवं तर, पण ती कायम हातात हात घालून फिरत नाहीत, प्लेटा एकमेकींना कशा भेटतात त्यावर कोण येणार ते ठरतं. आणि हवाई तर प्लेटच्या पार मध्यात आहे, तरी तिथं लाव्हा वाहतोय, त्याचं गणित अजून वेगळं. तेच आपलंपण होतं, एकेकाळी.

"सह्याद्री झोपलेला ज्वालामुखी आहे."

यातलं अर्धं खरंय म्हणूनच हा मेसेज इतका पळतो. आपला काळा कातळ लाव्हाच आहे, वादच नाही. पण तो शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून उडालेला नाही, जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यातून थरावर थर पसरत गेले, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. आज जे उरलंय तेच ५ लाख चौरस किमीच्या घरात आहे. पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा वरंध्यात उभं राहून समोरचा कडा बघा, धबधबे पायऱ्या पायऱ्यांनी उतरतात, ती प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचे थर. काही ठिकाणी दोन थरांमध्ये भाजलेल्या विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो, म्हणजे एक थर थंड झाला, त्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला आणि मग पुढचा आला. हे थर जवळजवळ आडवे आहेत, हिमालयासारख्या घड्या नाहीत. कोकणातून बघितलं तर सह्याद्री डोंगर वाटतो, देशावरून घाटमाथ्याला गेलात की कळतं की हा तर पठाराचा तुटका काठ आहे, चढ असा कुठं नव्हताच.

बरं, तो लाव्हा देणारी आग कुठं गेली? कुठं गेली नाही, आपण गेलो. शेगडी तिथंच राहिली आणि तवा पुढं सरकला. त्या काळी आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. ती शेगडी आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे, मुंबईपासून साडेचार हजार किमीपेक्षा लांब, आणि तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून फुटतो. तवा सरकताना मागं जे डाग पडत गेले ते म्हणजे लक्षद्वीप, मालदीव ते मॉरिशस अशी ओळ. नकाशावर बोट फिरवून बघा, मला तर पहिल्यांदा कळलं तेव्हा भारीच वाटलं होतं. तर सह्याद्री झोपलेला नाही, त्याच्या खालची शेगडीच गेलीये.

"कोयनेचे धक्के म्हणजे लाव्हा वर येतोय."

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ६.३ च्या आसपासचा भूकंप, साधारण १८० माणसं गेली. आजी म्हणायची की आधी आवाज आला, मग भांडी पडली, मग भिंत. तेव्हापण लोक ज्वालामुखीच म्हणत होते म्हणे. पण क्रम बघा ना, १९६२ च्या सुमारास धरणात पाणी अडवायला लागले आणि त्यानंतर त्या भागात धक्के जाणवायला लागले. जमिनीखाली जुन्या भेगा होत्याच, प्लेट सरकते त्याचा ताण त्यांच्यावर आधीपासून होताच, जलाशयाचं वजन आलं आणि पाणी भेगांत झिरपून दाब वाढला तशी दोन बाजूंची एकमेकींवरची पकड ढिली झाली. म्हणजे धरणाने भूकंप शून्यातून तयार केला असंपण नाही, तयार बसलेल्याला धक्का दिला. जगभरात धरणामुळे आलेल्या भूकंपाचं उदाहरण द्यायचं तर आपलं कोयनाच देतात.

आणि खाली लाव्हा असता तर दिसला असता, कारण तिथं खरंच भोक पाडून बघितलंय! गोठण्याजवळ ३ किमी खोल. सव्वा किमीपर्यंत आपला काळा कातळ, त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा अब्जावधी वर्षं जुना खडक. घट्ट, घन खडक. लाव्हाबिव्हा काही नाही.

गरम पाण्याच्या झऱ्यांचं पटकन सांगतो. कुठंही खाली जायला लागलं की दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगांमधून एक-दोन किमी खाली जातं, तापतं, दुसऱ्या भेगेतून वर येतं. वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, सगळीकडं हाच प्रकार. मणिकरणलापण उकळतं पाणी आहे, तिथं कुठला ज्वालामुखी?

"छोटे धक्के बसले की दाब निघून जातो."

हे सगळ्यात गोड खोटं. भूकंपाचा आकडा १ ने वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते. म्हणजे ६ च्या एका भूकंपाची ऊर्जा ४-४ च्या धक्क्यांनी काढायची म्हटली तर असे १,००० धक्के लागतील. कोयनेला एवढ्या वर्षांत ४ आणि त्यावरचे धरले तर दोनशेच्या आसपास झालेत, आणि त्यातले वीसेक ५ च्या वर गेले, त्यामुळे निचरा वगैरे विसरा. पालघरकडं २०१८ पासून धक्क्यांची मालिकाच लागली होती, तेव्हा पण हेच ऐकलं. आता प्रत्येक वेळी छोट्यानंतर मोठा येतोच असंही नाही, पण छोटे आले म्हणून झोपायचं, हे किल्लारीत कुणी सांगू नका. तिथं १९९२ ला धक्के बसले होते आणि पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला, विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ४ च्या आत, ६.२ चा आला.

म्हणजे "मराठवाडा प्लेटच्या मधे आहे, सेफ आहे" याचंपण उत्तर झालं. तिथं ज्वालामुखी नव्हता, डोंगर नव्हता, प्लेटची कड शेकडो किमी लांब. पण प्लेट म्हणजे एक अख्खी फरशी आहे, उत्तरेला हिमालय अडवतोय आणि दक्षिणेकडून समुद्रतळ ढकलतोय, तेव्हा मधल्या जुन्या भेगेवर ताण येतोच, फक्त तो साचायला फार वेळ लागतो म्हणून आपण विसरतो. १०,००० च्या आसपास माणसं गेली. ६.२ हा काही राक्षसी आकडा नाही. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, लोक झोपेत, आणि भूकंप अगदी उथळ.

हे सगळं टाइप करून टाकलं तर काकांचा फोन आला. म्हणाले, ते शेगडीचं समजलं, पण आपल्या गावच्या घराची मागची भिंत दगड-मातीचीच आहे की रे. आहे. सदुसष्टला पडली आणि तशीच परत बांधली. इंजिनीअरला दाखवायचं ठरलंय, आरपार जाणारे लांब दगड आणि वर काँक्रीटचा पट्टा घालायला किती खर्च येतो ते विचारतोय.